चर्च उघडतंय, सामान काय घ्यावं? सॅनिटायझर स्टँड, थर्मल गन आणि बाहेरचा स्पीकर

ही नोंद 2020 च्या नोव्हेंबरमधली, कोरोनाच्या काळातली. मार्चपासून बंद असलेली, महाराष्ट्रात 16 नोव्हेंबरपासून प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी मिळाली, म्हणजे आमची पहिली उपासना येत्या रविवारी, 22 तारखेला. मार्चपासून मंडळी फक्त फोनवर भेटतेय, त्यामुळे सगळ्यांना खूप आनंद झालाय, पण तयारीला आठवडासुद्धा नाही आणि लगेच 29 ला आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीचे आठवडे, सुरू. कमिटीने घाईघाईत सामान आणलं, काल संध्याकाळी सगळं लावून बघितलं. बाकीच्या मंडळ्याही आत्ता हेच घेत असतील म्हणून लिहितेय.

आधी पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड. लोखंडी पाइपचा, मजबूत आहे, पेडल दाबलं की वरचा पंप दाबला जातो. पातळ सॅनिटायझर व्यवस्थित येतं, घट्ट जेल घातलं तर पंप अडकतो. पण खरी अडचण म्हाताऱ्या माणसांची, एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याने पेडल दाबायचं म्हणजे धरायला काहीतरी लागतं आणि स्टँड धरला तर तो हलतो. तिथे बाटली घेऊन एक तरुण उभा करा, म्हणजे झालं. अल्कोहोल निदान 60 टक्के आहे का ते लेबलवर बघून घ्या आणि मेणबत्त्यांपासून लांब ठेवा, नाताळात तर नक्कीच. माझे गुण पाचपैकी तीन.

थर्मल गन, म्हणजे कपाळासमोर धरून ताप मोजायचं यंत्र, पाचपैकी दोन. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं, मग आकडा उगाच जास्त दाखवते, म्हणून आधी जरा सावलीत थांबवावं लागतं. आणि ताप नसलेल्या माणसालाही कोरोना असू शकतो, तेव्हा गनने सोडलं म्हणजे सगळं ठीक असं धरू नका.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 2020 च्या 10 मार्चला एका चर्चच्या हॉलमध्ये क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची, प्रॅक्टिस झाली, 61 जण होते, दारात सॅनिटायझर होतं, कुणी गळाभेटसुद्धा घेतली नाही, पण अडीच तास गाणं झालं आणि 61 पैकी 53 जण आजारी पडले, दोघं गेले. म्हणजे हात स्वच्छ होते पण धोका हवेत होता. आपल्या मंडळ्या पेटी, तबला, झांजा घेऊन मोकळ्या गळ्याने गाणाऱ्या, गाण्याशिवाय उपासना म्हणजे काय हे मलाही कळत नाही, खूप जड जातंय, तरी सरकारच्या 2020 च्या कोरोना नियमांत क्वायर नाही, रेकॉर्डेड संगीत चालेल असं आहे आणि ते बरोबरच आहे. गीत स्पीकरवर लावा, आपण मास्कमध्ये मनात म्हणू.

म्हणून सगळ्यात चांगला खर्च आमच्याकडे झाला तो सुताराचा. उंचावरच्या खिडक्या रंगाने चिकटून कित्येक वर्षं बंद होत्या, त्या त्याने उघडून दिल्या आणि आत वारा यायला लागला! दुसरा चांगला खर्च बाहेरच्या स्पीकरचा. एक बाक सोडून एक बाक बसवलं की अर्धी मंडळी आत मावतच नाही, त्यांच्यासाठी कंपाउंडमध्ये झाडाखाली लांब लांब खुर्च्या, पाळकसाहेबांचा आवाज तिथे अगदी स्पष्ट येतो. मी तर म्हणेन सगळ्यांनीच बाहेर बसावं, नोव्हेंबरची सकाळ आहे, ऊन लागत नाही. खिडक्या आणि स्पीकर, दोन्हीला पाचपैकी पाच.

बायबल आणि गीतांचं पुस्तक ज्याचं त्याने घरून आणायचं, दानाची थैली फिरवायची नाही, दाराजवळ दानपेटी ठेवलीय.

एका गोष्टीवर मात्र मी कमिटीशी भांडले. 65 वर्षांच्या वरच्यांनी घरीच थांबावं असा सरकारचा 2020 चा सल्ला आहे आणि काही जण म्हणत होते की आता चर्च उघडलं, ऑनलाइन उपासना बंद करू. अजिबात नको! ज्यांनी हे चर्च उभं केलं त्यांनाच बाहेर ठेवायचं का? घरी थांबलेल्यांना उपासना दिसावी म्हणून पुलपिटसमोर (पाळकसाहेब जिथून बोलतात तिथे) मोबाइलचा स्टँड लावलाय, थोड्याच पैशांत मिळतो, तो सगळ्यात आधी घ्या.