साठ सांगाडे, डिपचा एक डबा आणि आठ महिने

टेबलावरच्या युद्धखेळातली ६० छोटी सांगाड्यांची मिनिएचर (खेळातले पुतळे), २८ मिमी मापाची, प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर मारून शेल्फवर उभी होती आणि मला ती टेबलावर खेळवायची होती. नेहमीच्या पद्धतीने बेस कोट (मूळ रंग), सावली आणि वर दोन हायलाइट (उजळ छटा) असं करत गेले की मला एका मिनिएचरला दीड तास लागतो. या हिशोबाने ६० जणांचे ९० तास होतात. म्हणून डिपचा डबा आणला. आता आठ महिने झाले, साठही सांगाडे रंगून झाले आहेत आणि जवळजवळ दर आठवड्याला हाताळलेही जातात, तेव्हा मनापासून सांगता येईल असं बरंच काही जमलं आहे.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी: डिप म्हणजे तपकिरी किंवा काळपट रंग मिसळलेलं, काकवीसारखं दाट व्हार्निश. बेस कोट वाळला की ते मिनिएचरवर चढवायचं. उंचवट्यांवरून ते ओघळतं आणि खाचांत साचतं, त्यामुळे सावली आपोआप पडते. नावाप्रमाणे मिनिएचर चिमट्यात धरून डब्यात बुडवायचं आणि जोरात झटकायचं, अशी मूळ पद्धत. मी ती दोघांवर करून पाहिली आणि सोडून दिली. झटकल्यावर व्हार्निश कुठे थांबेल यावर आपला ताबा राहत नाही. जुन्या ब्रशने लावलं तर ताबा राहतो, माल निम्म्याहून कमी लागतो आणि खोलीभर शिंतोडेही उडत नाहीत.

खरं काम लावल्यानंतरच्या १० ते १५ मिनिटांत आहे. काखेत, बरगड्यांच्या खालच्या टोकाला, ढालीच्या मागे आणि पायाखालच्या चकतीला लागून व्हार्निशची डबकी साचतात. ती तशीच वाळली तर तिथे चकचकीत काळा गोळा दिसतो आणि नंतर काही करता येत नाही. मी पाच मिनिएचर लावून झाली की पुन्हा पहिल्यापाशी जाते, ब्रश कापडावर कोरडा करते आणि डबक्यात नुसता टेकवते. ब्रश जादा व्हार्निश ओढून घेतो. हे दोनदा करायचं, कारण पहिल्या फेरीनंतरही वरून ओघळ उतरत राहतो. पहिल्या दहा सांगाड्यांना मी ही दुसरी फेरी दिली नव्हती आणि ते आजही रांगेत वेगळे ओळखू येतात.

हाडांवर परिणाम सुंदर येतो. डिपमुळे सगळाच रंग एक छटा गडद होतो, म्हणून बेस कोट मुद्दाम उजळ ठेवायचा. मी हाडांना जवळजवळ पांढरट क्रीम रंग दिला होता, तो वाळल्यावर जुन्या हस्तिदंतासारखा झाला. तपकिरी डिप हाडं, चामडं, लाकूड, गंजकं लोखंड या सगळ्यांना मानवतं. लाल कापडही छान मुरतं. पण थंड निळा आणि स्वच्छ पांढरा यांना ते मळकट करतं, तिथे पातळ निळसर करडा वॉशच (खाचांत उतरणारा पाण्यासारखा सावलीचा रंग) हवा.

मोठा दोष सपाट जागांचा. अंगरखा, मोठी ढाल, पाठीवरचा झगा अशा ठिकाणी द्रवाला जायला खाच नसते, तो जिथे थांबतो तिथे सांडलेल्या चहाच्या डागासारखी कड उमटते. वॉशचंही हेच होतं, कारण मॅट पृष्ठभाग द्रव धरून ठेवतो. आधी ग्लॉस व्हार्निशचा हात दिला तर वॉश सरकत खाचेत जातो आणि वरचा भाग स्वच्छ राहतो. वॉश पातळ करायलाही नुसतं पाणी न घालता मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेलं, न चमकणारं माध्यम) घातलं की कडा कमी उमटतात. हे कळल्यावर मी सेनापतींच्या झग्यांना डिप लावणं बंदच केलं. तिथे अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड (तपकिरी वॉश) फक्त चुण्यांमध्ये भरते आणि तलवारींवर नल्न ऑइल (काळा वॉश).

कॉन्ट्रास्ट प्रकारच्या रंगांबद्दलही सांगते, कारण मधल्या काळात १५ धनुर्धारी त्यांनी रंगवले. सिटाडेल या मिनिएचर-रंगांच्या ब्रँडने २०१९ साली कॉन्ट्रास्ट आणल्यापासून एका हातात रंग आणि सावली दोन्ही मिळवायची ही पद्धत घराघरांत पोचली. काळ्या प्रायमरवर करडा आणि मग पांढरा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग), त्यावर हा पारदर्शक रंग, एवढंच करायचं. कापडावर मला तो डिपपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. मात्र अशाच प्रकारच्या दुसऱ्या एका रंगाने मला रडवलं: वाळलेल्या थरावर ओला ब्रश फिरताच खालचा हिरवा विरघळून चेहऱ्यावर उतरला. तेव्हापासून कुठलाही नवा रंग आधी तुटक्या मिनिएचरवर लावून, वाळवून, वरून ओला ब्रश फिरवून पाहते.

आठ महिन्यांच्या हाताळणीत डिप सरस ठरलं. भाल्यांची टोकं आणि कवट्यांचे माथे इथे बोटं सारखी लागतात. व्हार्निश न केलेल्या धनुर्धाऱ्यांच्या टोकांवरचा रंग घासून प्रायमर दिसू लागला. डिपवाल्या सांगाड्यांचा एकही टवका उडालेला नाही. एकदा तर आख्खा ट्रे हातातून निसटला. दोन हात सांध्यातून निखळले, रंग शाबूत होता.

वाळायला २४ तास सांगितले जातात, मी ४८ देते. वाळल्यावर मिनिएचर तुपात बुडवल्यासारखं चमकतं, ते पाहून घाबरू नका. मॅट व्हार्निशचा स्प्रे मारल्यावरच सावली खरी दिसते. पण दमट हवेत तो स्प्रे मारू नका. माझ्या आठ सांगाड्यांवर पांढरी धुरकट साय आली होती. वरून ब्रशने ग्लॉस व्हार्निश दिल्यावर ती बरीचशी गेली, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट मारलं.

वास तीव्र आहे. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत आणि ब्रश धुवायला व्हाइट स्पिरिट लागतं, पाण्याने काहीही निघत नाही. डबा हलवू नका, बुडबुडे होतात. तळाशी बसलेला रंग काडीने निवांत ढवळून वर आणा.

वेळेचं म्हणाल तर एका सांगाड्यामागे साधारण २५ मिनिटं लागली. त्यातली शेवटची तीन मी डिप आणि मॅट व्हार्निश झाल्यावर कवटीला देते: भुवया, गालाची हाडं आणि दात यांच्यावर मूळ क्रीम रंगाचा पुन्हा एक बारीक हात. टेबलावर समोरचा माणूस चेहराच बघतो आणि या तीन मिनिटांनी पूर्ण रांग जिवंत दिसते.

पाचव्या महिन्यात उरलेल्या डिपवर जाड साय धरली. ती काढून टाकली आणि खालचा चांगला माल दोन छोट्या बरण्यांत काठोकाठ भरला, म्हणजे आत हवा राहत नाही. अजून २० सांगाडी घोडेस्वार बाकी आहेत, तेवढ्यांना तो पुरेल. घोड्यांना डिप, स्वारांच्या झग्यांना कॉन्ट्रास्ट, असं ठरवून प्रायमर मारून ठेवला आहे.