फार्मचा लाव्हा, आठ महिन्यांनंतर: कोल्हापुरी रश्श्यात काय जमतं आणि काय बिघडतं

आठ महिने झाले, महिन्याला दोन पाकिटं या हिशेबाने फार्मवरचा जपानी लाव्हा आमच्या स्वयंपाकघरात येतोय. पाकिटावर कुणी 'बटेर' छापतं, कुणी 'क्वेल', पक्षी एकच. तांबडा, पांढरा, सुक्कं, बिडाच्या तव्यावर, कोळशाच्या शेगडीवर, सगळ्या तऱ्हांनी करून झालं. निकाल आधीच सांगतो: पाचपैकी चार. एक गुण कापला तो साफसफाईचा, चवीचा नाही. ज्यांनी एकदा आणला आणि 'चिवट लागला, नुसती हाडं' म्हणून सोडून दिला, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. कोल्हापुरात तो बहुतेक घरी मटणाच्या हिशेबाने शिजतो आणि तिथेच वाट लागते.

मटण तासभर उकळलं की मऊ पडतं, कारण त्यात चिवट पडदे आणि शिरा भरपूर असतात आणि त्या विरघळायला वेळ लागतो. लाव्हा पाच-सहा आठवड्यांत कापायला येतो. इतक्या कोवळ्या पक्ष्यात विरघळवण्यासारखं फारसं काही नसतंच. त्याला तास दिला की मांसातलं पाणी पिळून निघतं, छाती भुशासारखी कोरडी होते आणि कलेजीसारखा वास मारायला लागते. म्हणून आमचा एकच नियम ठरला: हाडं रश्श्यात आधी, मांस रश्श्यात शेवटी. बाकी सगळं या नियमामागून येतं.

आधी माल कसा येतो ते. सोललेला पक्षी साधारण १२० ते १३० ग्रॅम भरतो, कातडीसकट १५० ते १७०. आपल्याकडे सोललेलाच जास्त मिळतो, कारण एवढ्याशा पक्ष्याची पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडी ओढून काढणं दुकानदाराला सोपं पडतं. रश्श्यासाठी सोललेला चालतो. तव्यावर किंवा शेगडीवर करायचा असेल तर कातडीसकटच मागा, नाहीतर तो भाजायच्या आधी वाळतो. गोठवलेल्या पाकिटात तळाशी गुलाबी बर्फाचा थर दिसला किंवा मांसावर पांढरे कोरडे चट्टे दिसले, तर पाकीट परत करा. थर म्हणजे माल मधे एकदा वितळून पुन्हा गोठलाय. चट्टे म्हणजे हवा लागून मांस वाळलंय आणि ते भाग शिजल्यावर पुठ्ठ्यासारखे लागतात. आम्हाला असं पाकीट दोनदा आलं, दोन्ही वेळा पावसाळ्यात, वीज जाण्या-येण्याच्या दिवसांत. बर्फ सोडवायचा तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. कोमट पाण्यात टाकलं की बाहेरचं मांस पांढरट पडतं आणि आतला बर्फ तसाच राहतो.

आता साफसफाई, जिथे एक गुण गेला. 'साफ केलेला' असं छापलेलं असलं तरी चार गोष्टी हाताने बघाव्याच लागतात. शेपटाच्या बुडाशी वरच्या बाजूला पिवळसर तेलाची गाठ असते, ती कापून टाका. राहिली तर रश्श्याला उग्र वास येतो. पोटात, पाठीच्या कण्याला चिकटून, दोन्ही बाजूंना गडद लाल स्पंजासारखी फुप्फुसं आणि त्याखाली मूत्रपिंडं असतात. ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायची. हीच राहिली की पांढरा रस्सा राखाडी होतो. कलेजी सोबत आली असेल आणि तिच्याजवळ हिरवा डाग दिसला तर तो पित्ताचा. धुऊन जात नाही, तेवढा भाग कापूनच टाकायचा. कातडीवाल्या पक्ष्यात पिसांची खुंटं राहतात. ती गॅसच्या ज्योतीवरून झटकन फिरवून जाळायची आणि फडक्याने पुसायची. सहा पक्ष्यांना अर्धा तास सहज जातो. हे काम टाळता येत नाही, तेव्हा घाईच्या दिवशी लाव्हा आणूच नका.

कापायला सुरी नको, जाड कात्री घ्या. पक्षी पालथा धरून कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटापासून मानेपर्यंत कात्री चालवली की कणा अख्खा पट्टीसारखा निघतो. मग उताणा करून छातीवर तळहात दाबला की 'कट्' असा आवाज होऊन पक्षी सपाट पडतो. तव्यासाठी इथेच थांबा. रश्श्यासाठी पुढे चार तुकडे करा: दोन तंगड्या मांडीसकट, दोन छात्या. कणे, माना आणि पंखांची टोकं वेगळी ठेवा, तेच रश्श्याचं भांडवल.

मीठपाण्याचा टप्पा आम्ही सुरुवातीला वगळायचो. आता वगळत नाही. एक लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकडे त्यात ४५ मिनिटं, फ्रीजमध्ये. मीठ मांसात शिरतं आणि शिजताना पाणी धरून ठेवतं. छातीत फरक लगेच कळतो. रात्रभर ठेवलं तर मांस घट्ट, रबरी आणि खारट होतं. दही लावायचं तर तास-दीड तास पुरे. कच्ची पपई मात्र मुळीच नको. मटणाला ती मदत करते, लाव्ह्याचा वीस मिनिटांत लगदा करते.

तांबडा रस्सा, सहा पक्ष्यांचा. हाडं आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून ते पाणी ओतून द्या. मग सव्वा लिटर ताजं पाणी, चिमूट हळद, आल्याचा तुकडा, चार लसूण पाकळ्या. मंद आचेवर ४० मिनिटं, वर येणारा फेस काढत राहायचं. कुकर लावू नका. शिट्टीच्या दाबात ही बारीक हाडं फुटतात आणि त्यांच्या सळया रश्श्यात उतरतात, ते लहान मुलांच्या घशाला धोक्याचं आहे. अळणी पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्या, साधारण ८०० मिली उरतं.

वाटण नेहमीचंच: दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, मोठा चमचा तीळ, छोटा चमचा खसखस, सगळं खरपूस भाजून कोथिंबिरीबरोबर बारीक वाटलेलं. चार मोठे चमचे तेलात दीड चमचा आलं-लसूण, मग वाटण, मग दोन चमचे कांदा-लसूण चटणी. कडेने तेल सुटेपर्यंत परता. चटणीत मीठ असतंच आणि मांस मीठपाण्यातून आलेलं असतं, म्हणून वेगळं मीठ अगदी शेवटी, चाखून. खारट रश्श्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथल्या असतात. गरम अळणी पाणी घालून दहा मिनिटं चांगलं उकळू द्या, वर कट येऊ द्या. रस्सा इथेच पूर्ण झाला, मांसाशिवाय. त्यानंतर आच मंद करून आधी तंगड्या सोडा. सात मिनिटांनी छात्या. झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. तंगडीच्या सांध्यात सुरीचं टोक खुपसल्यावर निघणारं पाणी स्वच्छ हवं. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता जाड भागात ७४ अंश. त्याखाली थांबू नका, ८० च्या वर जाऊ देऊ नका. गॅस बंद केल्यावरही आकडा दोन-तीन अंश चढतो, हे धरूनच आच बंद करायची.

सुक्क्यातही तेच. मटणाचं सुक्कं आपण मांसासकट आटवतो. इथे मसाला एकटा आटवून कोरडा करायचा, मग मोठ्या आचेवर मांस चार मिनिटं परतायचं, झाकण ठेवून तीन मिनिटं. पाणी घालायचं नाही. संकेश्वरी मिरचीचं तिखट जपून. लाव्ह्याला स्वतःची रानवट चव आहे आणि जास्त तिखटात ती पार बुडते. ब्याडगीचं प्रमाण वाढवलं तर रंग येतो आणि चवही राहते.

पांढरा रस्सा या पक्ष्याला सगळ्यात शोभतो, असं आमचं मत झालंय. अट एकच, हाडांच्या पाण्यात हळद नको आणि मूत्रपिंडाचा कणही नको. मोठा चमचा खसखस तासभर गरम पाण्यात भिजवलेली, तितकेच पांढरे तीळ, आठ-दहा काजू, एकत्र गंधासारखं वाटायचं. तुपात तीन लवंगा, दोन वेलदोडे, इंचभर दालचिनी, आठ मिरे, दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या, चमचाभर आलं-लसूण. वाटण घालून रंग न बदलता दोन-तीन मिनिटं परतायचं, अळणी पाणी घालून पाच मिनिटं उकळायचं, मग मांस वरच्याच क्रमाने. एका नारळाचं घट्ट दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर ढवळत. त्यानंतर उकळी आली की रस्सा फाटला म्हणून समजा. मटणाच्या रश्श्याइतका शुभ्र तो होत नाही, सायीच्या रंगावर थांबतो. तो दोष नाही.

तव्यावर: बिडाचा तवा चांगला तापवून सपाट केलेला पक्षी कातडीची बाजू खाली, वर पाण्याने भरलेलं छोटं भांडं ठेवून चार-पाच मिनिटं, उलटून तीन मिनिटं. हळद, मीठ, लसूण, मिरपूड, एवढंच पुरे.

पोषणाबद्दल विक्रीच्या जागी जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंच सोडून द्या. दमा जातो, रक्त दुप्पट होतं, असं काही होत नाही. मात्र जे खरं आहे तेही कमी नाही. कच्च्या, कातडी काढलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, साडेचार ग्रॅम चरबी आणि १३४ कॅलरी. लोह ४.५ मिलिग्रॅम; शेळीच्या मांसात २.८, कोंबडीत जेमतेम ०.९. कातडीसकट घेतलं की चरबी १२ ग्रॅमवर जाते आणि कॅलरी १९२ वर, म्हणजे 'हलकं मांस' हे कातडी काढलेल्यापुरतंच खरं. लोह जास्त असण्याचं कारण छातीच्या रंगात दिसतं. उडण्याचे स्नायू जोरकस असल्याने लाव्ह्याची छाती लालसर असते, कोंबडीसारखी पांढरी नसते. तो लाल रंग लोह धरणाऱ्या प्रथिनाचा.

हिशेब घरगुती करून बघा. एका पक्ष्यातून साधारण ९० ग्रॅम मांस निघतं, म्हणजे लोह चारेक मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लागतं. एका पक्ष्यावर बाईची सातव्या हिश्श्याची गरज भागते. पण मांसातलं लोह धान्यातल्यापेक्षा सहज अंगी लागतं, आणि सोबत भाकरी असेल तर लिंबू पिळा, भाकरीतलं लोहही जास्त घेतलं जातं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो उलटं काम करतो. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी हे मांस आणि त्याचा अळणी रस्सा, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

याच लोहामुळे एक अडचणही आहे. शिजलेलं मांस फ्रीजमध्ये रात्रभर राहिलं की दुसऱ्या दिवशी शिळा, पत्र्यासारखा वास येतो, कारण लोहाच्या संगतीने चरबी लवकर खवट होते. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून चांगला लागतो. लाव्ह्याचं तसं नाही. मांस त्याच जेवणात संपेल एवढंच शिजवा, माणशी दीड पक्षी.

किंमत किलोमागे बॉयलर कोंबडीपेक्षा बरीच जास्त पडते, त्यात हाडांचा वाटा. रोजच्या जेवणाला हा परवडणारा माल नाही, महिन्यातून एक-दोनदा ठीक. चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचा तर छातीचं मांस हाताने सोडवून द्या. बरगड्यांची हाडं केसासारखी बारीक असतात, नजरेने सापडत नाहीत, बोटांना लागतात.

आणि एक गोष्ट मनापासून. 'फार्मचा कशाला, रानातला देतो, चव वेगळीच' असं सांगणारे भेटतात. दाजीपूर-राधानगरीच्या पट्ट्यातला रानकोंबडा असो की माळावरचा तितर आणि लाव्हा, यांना पकडणं, मारणं, विकणं, विकत घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जपानी लाव्हा बरेलीजवळच्या इज्जतनगरला १९७४ साली आणला गेला आणि तिथून फार्मवर वाढवला गेला, तो खाण्यासाठीच. चवीत जे रानवट आहे ते या पक्ष्यात पुरेसं आहे. दुकानदाराकडे फार्मचं बिल मागा. देत नसेल तर माल घेऊ नका.

उरलेलं अळणी पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवतो. मांसाचं जे होतं ते याचं होत नाही, वरची चरबी काढून टाकली की महिनाभर चांगलं राहतं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ निम्म्या पाण्यात आणि निम्म्या या अळणीत शिजवला, वर चमचाभर तूप आणि मिरपूड घातली, की पाकीट नसलेल्या दिवशीही त्या पक्ष्याची चव ताटात येते.