झुलतं मुरिंग : नव्या बंदरातल्या जागेचा एका हंगामाचा अनुभव

बदलीनंतर आम्हाला घर चार दिवसांत मिळालं, नावेला जागा मिळायला मात्र दोन महिने गेले. नाव म्हणजे साडेआठ मीटरची शिडाची यॉट. एकच खोल कील, म्हणजे बुडाखालचं जड पातं, पाण्याखाली दीड मीटर. आता ती एका छोट्या बोटक्लबच्या झुलत्या मुरिंगवर आहे, म्हणजे तळाला वजन, त्याला साखळी, वर तरंगता बोया, आणि बोयाला बांधलेली नाव वाऱ्या-पाण्याबरोबर त्याच्याभोवती फिरते. तिथे एक हंगाम पूर्ण झालाय. जागा शोधत होते तेव्हा ज्याला विचारावं तो फक्त भाडं सांगायचा. मला हवी होती ती माहिती कुणी दिली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मरिना आधी पाहिली. तरंगत्या धक्क्याला नाव लावायची, नळाचं पाणी, वीज, चालत चालत डेकवर. भाडं लांबीवर आणि आमच्या ऐपतीबाहेर. तो विषय तिथेच मिटला.

सगळ्यात स्वस्त जागा खाडीच्या आत होती. भरतीला गेलो तर पाणी अगदी निवांत, तिन्ही बाजूंनी आडोसा. मी होकार देणारच होते, तेवढ्यात लेक म्हणाली, ‘आई, ओहोटीला परत येऊन बघू या ना.’ अमावास्या उलटल्यावर दुसऱ्या दिवशी, उधाणाची ओहोटी, म्हणजे पाणी सर्वांत खाली जातं ती, गाठून गेलो. पाणी असं काही मागे सरलं की बोया चिखलात आडवा झाला. दोन कीलची नाव अशा चिखलात सरळ बसते, तिच्या मालकाने ही जागा डोळे मिटून घ्यावी. आमची मात्र दर ओहोटीला कलंडली असती.

मग एक झुलतं मुरिंग पाहिलं. खोली पुरेशी, भाडं परवडणारं. मी मालकाला विचारलं, ‘साखळी शेवटची वर कधी काढली होती?’ ‘अहो, आजवर इथून एकही नाव सुटलेली नाही,’ हे उत्तर तीन वेळा मिळालं, तारीख एकदाही नाही. शेवटी पदरचे पैसे देऊन पाणबुड्याला खाली पाठवलं. त्याने आणलेले फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. वरच्या कड्यांवर शेवाळ आणि शिंपले, त्या धडधाकट. तळाजवळच्या कड्या मात्र घासून चकचकीत झालेल्या, आणि जिथे कडी कडीत अडकते तिथे 13 मिलिमीटरच्या सळईची जेमतेम 9 मिलिमीटर उरलेली. लाट आली की साखळी तळावरून उचलली जाते, पुन्हा वाळूत आपटते, म्हणून झीज नेमकी तिथे होते. आणि 13 चे 9 झाले म्हणजे ताकद थोडीशी कमी झाली असं नाही, निम्म्याहून कमी उरली. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नावेवरचा जोर चौपट होतो. पाणबुड्याला दिलेले ते पैसे म्हणजे या सगळ्या शोधातला सर्वांत चांगला खर्च.

क्लबमध्ये तोच प्रश्न विचारला तर तिथल्या काकांनी कपाटातून वही काढली. प्रत्येक मुरिंगला एक पान. साखळी वर काढल्याची तारीख, तळाची, मधली आणि वरची कडी किती मिलिमीटर, स्विव्हल (साखळीला पीळ पडू न देणारा फिरता सांधा) बदललं का, शॅकल (जोडकडी) बदलली का. आमच्या पानावर तळाचा तुकडा आदल्याच वर्षी नवा घातल्याची नोंद होती. खाली ओतीव लोखंडाचं वजन आहे. ही गोष्ट मोठी आहे, कारण हवेत एक टन भरणारा काँक्रीटचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात पावणेसहाशे किलोच्या आसपास उरतो, लोखंडाचा साडेआठशेच्या पुढे राहतो. ‘वजन किती’ विचारताना ‘कशाचं’ हेही विचारा. विमा कंपनीने तपासणीचा लेखी पुरावा मागितला तेव्हा त्याच पानाची प्रत दिली, काम झालं.

खोली आम्ही स्वतः मोजली. लेकीने डिंगीतून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, टोकाला शिसं बांधलेली दोरी सोडली, उधाणाच्या ओहोटीला 2.1 मीटर भरली. कीलखाली 60 सेंटिमीटर. वारा मोकळ्या समुद्राकडून आला की लाट उठते, तेव्हा यापेक्षा कमी खोली मी घेतली नसती.

आता तक्रारी. पहिली शेजाऱ्याची. बाजूला उथळ बुडाची मोटरबोट होती. ती वाऱ्याचं ऐकते, आमची खोल कीलवाली नाव पाण्याच्या ओढीचं. एका संध्याकाळी वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध लागले, दोघी उलट्या तोंडांनी फिरल्या आणि तिची मागची बाजू आमच्यापासून दोन हातांवर आली. मी जीव मुठीत धरून फेंडर, म्हणजे टक्कर झेलणाऱ्या उशा, लावत होते. क्लबने आठवड्याच्या आत तिला दुसऱ्या रांगेत हलवलं, पण जागा वाटतानाच हा विचार व्हायला हवा होता.

दुसरी दोराची. बोयापासून नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, येणारा नायलॉनचा दोर क्लबचा, पण त्यावर घर्षणापासून वाचवणारी नळी नव्हती. एका वादळी रात्रीनंतर पाहिलं तर नायलॉन ताणून ताणून फेअरलीडमध्ये, म्हणजे दोर जातो त्या खाचेत, कुरतडल्यासारखा झालेला, तीनपैकी एक पीळ तुटलेला. आता दोन स्वतंत्र दोर बांधलेत, दोन्हींवर जाड नळी. हे पहिल्याच दिवशी करा, रात्र उलटू देऊ नका.

आणि वल्ही मारणं. किनाऱ्यापासून नाव दहा मिनिटांवर आहे, पण भरतीच्या मधल्या दोन तासांत, जेव्हा जवळजवळ निम्मं पाणी चढतं, ओढ इतकी असते की तेच अंतर अर्ध्या तासाचं होतं. आम्ही भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघतो. लहान मुलं घेऊन रात्री परतणाऱ्यांनी डिंगीला मोटर लावावी, लाइफजॅकेट तर घालावंच. लांब अंतरामुळे नाव हंगामभर नुसती उभी राहणार असेल, तर स्वस्त भाड्याचा उपयोग नाही. आम्ही जवळजवळ दर रविवारी निघालो.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा शेजारी आणि दोर यांपायी कापला.

पुढच्या महिन्यात आमची साखळी वर निघणार आहे. काकांनी बघायला बोलावलंय. लेक आणि मी कॅलिपर घेऊन जाणार आहोत, कड्या तीच मोजणार आहे.