तालीम, एनसीसी की स्वतःची संस्था? परदेशी विद्यापीठांच्या अर्जासाठी कोल्हापूरच्या मुलांनी काय निवडावं

दहावीला उत्तम मार्क, अकरावीला सायन्स, आणि अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात अर्ज करायचं मनात. अशा मुलांच्या घरी सध्या एकच प्रश्न घोळत असतो: अभ्यासाचं ठीक आहे, पण ‘लीडरशिप’ कुठून आणायची? कोणी सांगतं, एक एनजीओ काढून टाक. कोणी म्हणतं, एनसीसी कर, सर्टिफिकेट मिळतं. एखादा कन्सल्टंट उन्हाळ्यातल्या महागड्या कोर्सचं माहितीपत्रक पुढे ठेवतो. गल्लीतल्या तालमीचं नाव मात्र या चर्चेत कोणीच घेत नाही. माझ्या मते तिथंच सगळ्यात मोठी चूक होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे ज्यांना याची गरज नाही त्यांचा वेळ वाचेल. आयआयटीचं ध्येय असेल तर यातलं काहीही मोजलं जात नाही, तिथं जेईईची रँक बोलते. ऑक्सफर्ड-केंब्रिजलाही तुम्ही हेडबॉय होता की नव्हता याने फारसा फरक पडत नाही. त्यांचा अर्ज यूकास या ब्रिटनमधल्या सामाईक प्रवेशव्यवस्थेमार्फत 15 ऑक्टोबरपर्यंत जातो. निवेदनात आता तीन प्रश्न असतात, सगळी मिळून 4,000 अक्षरं, आणि प्राध्यापकांना त्यात एवढंच शोधायचं असतं की या मुलानं आपल्या विषयात अभ्यासक्रमाबाहेर काय वाचलं, काय करून पाहिलं. तिकडं जायचं असेल तर तालमीपेक्षा ग्रंथालयात बसा. पुढचं सगळं अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी आणि आपल्याकडच्या अशोका युनिव्हर्सिटीसारख्या, मार्कांपलीकडे माणूस पाहणाऱ्या विद्यापीठांसाठी आहे.

कॉमन अ‍ॅपवर (अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) उपक्रमांसाठी दहा जागा असतात. पदाचं नाव लिहायला 50 अक्षरं, काम सांगायला 150. त्याखाली हे काम कोणत्या इयत्तांत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही भरावं लागतं. नववीपासून बारावीपर्यंतचंच धरतात. एमआयटीचा अर्ज वेगळा आहे, तिथं फक्त चार उपक्रम मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात वीस जागा असतात, शिवाय आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. त्यातला पहिलाच प्रश्न नेतृत्वावर आहे. तो नीट वाचा. तुम्ही इतरांवर चांगला परिणाम कसा केला, वाद कसे मिटवले, एखाद्या गटाच्या कामाला दीर्घकाळ हातभार कसा लावला, हे त्यात विचारलंय. अध्यक्ष होता का, हे कुठंही विचारलेलं नाही. 2018 मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरचा खटला चालला, तेव्हा तिथली आतली पद्धत उघड झाली: अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे गुण दिले जातात. म्हणजे उपक्रमांना खरंच वजन आहे. पण वाचणाऱ्यासमोर अशा अर्जांचा ढीग असतो आणि त्याला पोकळ पद चटकन ओळखू येतं.

नवी संस्था की जुनी तालीम

स्वतःची संस्था काढण्याचा फायदा खरा आहे. निर्णय तुमच्या हातात असतो, कोणाच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही, आणि अर्जात ‘संस्थापक’ हा शब्द येतो. एखादी गरज खरोखर कोणीच भागवत नसेल, तर हाच रस्ता योग्य. पण बहुतेक ठिकाणी काय होतं ते पाहा. अकरावीच्या दिवाळीत लोगो तयार होतो, इन्स्टाग्रामवर पान उघडतं, दोन-तीन वेळा वह्यावाटप होतं, फोटो निघतात, आणि अर्ज गेले की सगळं बंद. रीतसर नोंदणी करायची तर कागदोपत्री विश्वस्त सज्ञान लागतात, म्हणजे सह्या आई-बाबांच्या. पैसेही बहुधा त्यांचेच. मग मुलानं नेमकं काय केलं, हा प्रश्न उरतोच. ज्यांना वह्या वाटल्या ती मुलं पुढच्या वर्षी कुठल्या इयत्तेत गेली हे सांगता येत नसेल, तर ते काम कागदावरच राहिलं.

आता तालीम, मंडळ, पेठेतलं वाचनालय, गावातली दूध संस्था. इथं पद मिळणार नाही, निदान सोळाव्या वर्षी तरी नाही. खुर्च्या मोठ्यांच्या असतात. पण बाकी सगळं तयार असतं: माणसं, जागा, वर्गणी, रुसवेफुगवे, जुनी भांडणं आणि लोकांचा विश्वास. नेतृत्व शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कोल्हापूरची तालीम ही नुसती व्यायामशाळा कधीच नव्हती. कुस्ती, फुटबॉल, गणपती, अडीनडीला धावून जाणं, हे सगळं तिथूनच चालतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ उठून जाते. एवढी माणसं एका नावाखाली गोळा करायला नव्या संस्थेला वीस वर्षं लागतील.

एक काम जरा जवळून पाहू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी चिखली, आंबेवाडीपासून शहरातल्या शाहूपुरी, शुक्रवार पेठेपर्यंत कोणाला सोडलं नाही. पाणी चढायला लागलं की तालमीची, मंडळांची पोरंच सगळ्यात आधी पाण्यात उतरतात. आता समजा, अकरावीतल्या एका मुलानं किंवा मुलीनं ठरवलं की आपल्या गल्लीची यादी आपण ठेवायची. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाच्या गोठ्यात किती म्हशी आहेत, घर सोडायची वेळ आली तर कोण कोणाकडे जाणार, रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा. दर मे महिन्यात दारोदार जाऊन ही यादी दुरुस्त करायची आणि एक प्रत तालमीत लावायची.

ऐकायला सोपं वाटतं, पण काम तिथून पुढे आहे. एखादे आजोबा ठाम सांगतात, “2005 ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं न्हवतं, आम्ही हलणार न्हाई.” त्यांना 2019 ची खूण भिंतीवर दाखवायची. तरीही ऐकत नसतील तर त्यांच्या लेकीला फोन लावून द्यायचा. म्हशी वर न्यायला जागा देणाऱ्या शेजारगल्लीतल्या माणसाशी गेल्या वर्षीचं भांडण असेल तर ते आधी मिटवायचं. आणि ही यादी आपण शिकायला बाहेर गेल्यावर कोण सांभाळणार, यासाठी दोन-तीन धाकटी पोरं आत्तापासून तयार करायची. कॅलिफोर्नियाच्या अर्जातल्या नेतृत्वाच्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी यात आल्या: माणसांवर परिणाम, वाद मिटवणं, दीर्घकाळ काम. आणि एकही पद नाही.

अर्जात हे कसं दिसेल? एका बाजूला समजा असं लिहिलंय: ‘संस्थापक-अध्यक्ष. ग्रामीण शिक्षणाबाबत जनजागृती केली, अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो.’ दुसऱ्या बाजूला: ‘पुरात हलवायच्या घरांची यादी तीन पावसाळे सांभाळली, घर न सोडणाऱ्यांची समजूत काढली, दोघांना पुढचं काम शिकवलं.’ पहिलं वाक्य जगातल्या कुठल्याही शहरातून येऊ शकतं. दुसरं लिहायला पंचगंगेकाठी राहावं लागतं.

पूर नसलेल्या पेठेतही कामं कमी नाहीत. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब पै-पैसह फलकावर लावायची पद्धत सुरू करणं, डॉल्बीऐवजी पारंपरिक वाद्यांवर मंडळाचं एकमत करणं, विसर्जनाच्या दिवशी इराणी खणीवर निर्माल्य वेगळं करणारी तुकडी उभी करणं. डॉल्बीचा विषय मंडळाच्या बैठकीत काढून बघा, म्हणजे मन वळवणं कशाला म्हणतात ते एका रात्रीत कळेल.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तालमीची दारं त्यांच्यासाठी अजून पुरती उघडलेली नाहीत. बैठका रात्री उशिरा होतात, आणि मुलगी आली तर तिच्या हाती रांगोळी नाहीतर सूत्रसंचालन दिलं जातं. तिथं वर्षभर झगडून जागा मिळवली तर ते अर्जात लिहिण्यासारखं आहेच, पण प्रत्येकीनं तीच लढाई लढावी असं मी म्हणणार नाही. आईच्या बचत गटाचे हिशेब, बालनाट्याची तालीम घेणं, वसाहतीतल्या लहान मुलींना फुटबॉल शिकवणं ही कामं तितकीच वजनदार आहेत. पुराच्या यादीसाठी तर मुलगीच घराघरात आतपर्यंत जाऊ शकते.

शाळेतलं पद की एनसीसी

दोन्हींबद्दल थोडक्यात. हेडगर्ल, हाउस कॅप्टन, सेक्रेटरी ही पदं शिक्षक देतात, आणि अनेक शाळांत त्यांचं काम प्रार्थनेला रांगा लावण्यापुरतं असतं. पद मिळालंच असेल तर त्यातून एक तरी गोष्ट बदला: मुलींच्या स्वच्छतागृहातला पाण्याचा प्रश्न लावून धरा, बंद पडलेलं वाचनालय मधल्या सुट्टीत उघडं ठेवा. मिळालं नसेल तर झुरू नका.

एनसीसीची जमेची बाजू अशी की ती शाळेबाहेरची, साऱ्या देशात एकाच शिस्तीची व्यवस्था आहे. कॅम्प, परीक्षा, रँक हे सगळं कोणाच्या मेहरबानीनं मिळत नाही. मर्यादा एवढीच की हुकूम पाळण्यात वर्षं जातात आणि स्वतःचा निर्णय फार उशिरा येतो. ज्युनिअर डिव्हिजनमध्ये सार्जंट होणं म्हणजे काय, हे बोस्टनमध्ये बसलेल्या वाचकाला ठाऊक नसतं. ‘चाळीस कॅडेटची परेड बसवली’ असं सांगितलं की कळतं. शाळेत एनसीसी असेल आणि मुलाला मनापासून आवडत असेल तर जरूर करावी. फक्त अर्जासाठी करायची असेल तर त्यापेक्षा वर सांगितलेली यादी बरी.

पैसे भरून मिळणारं नेतृत्व

पुण्या-मुंबईतल्या मॉडेल यूएन परिषदा (मुलं देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करतात त्या), परदेशी विद्यापीठाच्या आवारात होणारे दोन आठवड्यांचे उन्हाळी लीडरशिप कोर्स. परिषदेत बोलण्याचा सराव होतो, लाजाळू मुलाची भीड चेपते, ओळखी होतात. एवढ्यासाठी एखाददुसरी परिषद जरूर करा. उन्हाळी कोर्सचं मात्र नीट पाहा. ज्यात निवड काटेकोर आणि फी माफक किंवा शून्य असते, त्याला अर्जात किंमत आहे. पैसे भरले की प्रवेश मिळतो अशा कोर्सला, तो कितीही मोठ्या विद्यापीठाच्या आवारात असो, त्याच विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय फारसं वजन देत नाही. त्यासाठी शेतीवर किंवा सोन्यावर कर्ज काढायच्या बेतात असलेल्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तसं करू नका. तोच वेळ करवीर नगर वाचन मंदिरासारख्या 1850 पासून चालत आलेल्या संस्थेत दर रविवारी नववीच्या मुलांचा वाचनगट चालवायला दिला, तर फी लागत नाही आणि वर्षभरानं दाखवायला काहीतरी असतं.

घरचं काम: ज्याचा उल्लेखच होत नाही

कॉमन अ‍ॅपच्या यादीत उपक्रमांचे प्रकार दिलेले असतात. त्यात घरच्या जबाबदाऱ्या हा वेगळा प्रकार आहे आणि पगारी काम हाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पानं 2016 मध्ये अहवाल काढून प्रवेश कार्यालयांना हेच सांगितलं होतं: उपक्रमांची लांबलचक यादी नको, मोजक्या कामांतली गुंतवणूक पाहा, आणि घर सांभाळणाऱ्या, भावंडांना वाढवणाऱ्या, कमावणाऱ्या मुलांचं ते काम मोजा.

आपल्याकडची मुलं नेमकं हेच लपवतात. हुपरीत वडिलांच्या चांदीच्या कारखान्यात कारागिरांच्या मजुरीचा हिशेब ठेवणारा मुलगा, गुऱ्हाळाच्या हंगामात पहाटे चुलाणावर उभा राहणारा मुलगा, चपलांच्या दुकानात ऑनलाइन ऑर्डर सांभाळणारी मुलगी. विचारलं की म्हणतात, “ते काय, घरचंच आहे.” अहो, घरचंच आहे म्हणून तर टाळता येत नाही, आणि त्यातली जबाबदारी खरी असते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नकली चपलांच्या गर्दीत आपला माल अस्सल आहे हे गिऱ्हाइकाला पटवून देण्यासाठी त्या मुलीनं प्रत्येक जोडासोबत कारागिराचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी द्यायला सुरुवात केली, तर तिला वेगळी संस्था कशाला हवी?

मग निवडायचं काय

नववी-दहावीत असाल तर वेळ आहे. दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहा, जिथं पुन्हा जावंसं वाटतं तिथं टिका. अकरावीच्या जूनमध्ये असाल तर बारावीतल्या 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे लवकरच्या फेरीतल्या अर्जापर्यंत जेमतेम सतरा महिने हातात आहेत, त्यातले कित्येक क्लास आणि परीक्षा खाणार. नवं काही काढू नका. जिथं तुम्ही आधीपासून जाता, तिथंच एक अडलेलं काम अंगावर घ्या. बारावी सुरू झाली असेल आणि हाती काही नसेल, तर घाईनं संस्था उभी करण्यापेक्षा घरचं आणि आजवरचं काम प्रामाणिकपणे तासांसह लिहून काढा. तास फुगवू नका. अर्जावर सगळं खरं असल्याची सही तुम्ही करता, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो.

एक गोष्ट जूनमध्येच उरकायला हवी. शिफारसपत्रं कॉलेजच्या शिक्षकांची लागतात, आणि शंभर-सव्वाशेच्या वर्गात सर-मॅडमना तुमच्या कामाचा पत्ता नसतो. त्यांना वेळेत भेटून सांगा, शक्य असेल तर काम चालू असताना एखाद्या संध्याकाळी गल्लीत घेऊन या. काही विद्यापीठं शिक्षकांखेरीज आणखी एका व्यक्तीचं पत्र चालवून घेतात. तिथं तालमीच्या वस्तादांचं किंवा वाचनालयाच्या ग्रंथपालांचं पत्र द्या. ते मराठीतच सांगतील, इंग्रजी दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्या. त्यांना तुमच्याबद्दल काय वाटतं ते त्यांच्याच शब्दांत जाऊ द्या, आणि तो मसुदा तुमच्या हातून जाणार नाही एवढं पाहा.