जिवाणूच्या नावाखाली काळी भुकटी, ६,६२० रुपये पाण्यात

आमच्या भंडारा जिल्ह्यात, पवनीकडच्या चौरास पट्ट्यात धान निघाला की हरभरा, लाखोरी (लाखेची डाळ), कुठं कुठं वाटाणा पेरतात. नेमकी तेव्हाच जिवाणू खत विकणारी गाडी गावात आली. भोंगा, बॅनर, इस्त्रीच्या शर्टातला पोरगा. मीही माल घेऊन बसलो. रायझोबियमच्या १८ पुड्या, २४० प्रमाणे ४,३२० रुपये. रायझोबियम म्हणजे डाळीच्या पिकाच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू, पेरणीआधी बियाण्याला लावतात. वरून कसल्याशा टॉनिकच्या २ बाटल्या, १,१५० प्रमाणे २,३००. एकूण ६,६२०. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पुडी चांगली असते हे मला माहीत होतं. पण अकोला कुठं, पवनी कुठं, आणि जमिनीतली ओल कोणासाठी थांबते?

पोतं त्यानं गाडीच्या टपावरून काढलं. भर दुपारी. मी हात लावला तर चटका बसला. तो चटका अजून जात नाही. जिवाणू म्हणजे जीव. खऱ्या पुडीवर छापलेलं असते की थंड जागी, सावलीत ठेवा. टपावर भाजलेल्या पोत्यात काय जिवंत राहणार, कप्पाळ? पुडीवर पिकाचं नावही नव्हतं. मी विचारलं, नाही असं नाही. “काका, एकच पुडी. हरभरा, लाखोरी, सोयाबीन, सगळ्याला चालते.” नाही चालत बाप्पा! हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. वाटाणा, मसूर, लाखोरी एका गटात, तूर-मूग-उडीद दुसऱ्या. पावती मागितली तर बाजूचाच म्हणे, “सारे घेऊन राहिले, तुलेच पावती कायले पायजे गा?” भर चौकात माणूस किती ताणून धरणार, सांगा.

आणि ‘लावताना तुमचंच चुकलं असेल’ हे मला ऐकवू नका. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग गुळाच्या पाण्यातून पुडी, सावलीत सुकवून लगेच पेरणी. सगळं रीतसर.

जुन्या वावरात मुळांना गाठी आल्या, म्हणून मी गप्प होतो. इथंच हे लोक सुटतात. जिथं दरसाल हरभरा होतो तिथल्या मातीत त्याचे जिवाणू आधीच असतात, पुडी लावा न लावा. पोल उघडी पडली ती धानाच्या बांधीत, जिथं हरभरा पहिल्यांदाच टाकला होता. गाठी पाहायच्या तर झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटतात. कुदळीनं ढेकळासकट काढा, पाण्यात धुवा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर जिवाणू काम करतात. माझ्या बांधीत फोडायला गाठच नव्हती. हरभरा पिवळा पडला, शेवटी युरियाच्या २ गोण्या टाकल्या, आणखी ५३३ रुपये.

आता साहेबलोकांचं ऐका. गावातले कृषीवाले म्हणतात, तपासणीला सीलबंद पुडी आणा. कुठून आणू, पेरली ना ती! तालुक्याला गेलो तर पावती दाखवा. पावती नाही, विक्रेत्याचा परवाना नाही, मग आमच्याकडं काही नोंद होत नाही म्हणे. म्हणजे परवानेवाल्यानं फसवलं तर कारवाई, बिनपरवान्याला मोकळं रान? पोलीस म्हणतात कृषी खात्याचं पत्र आणा, कृषी खातं म्हणते आधी पोलिसात तक्रार करा. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, जिवाणू खतं त्यात २००६ मध्ये आली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत असं त्यात लिहिलेलं आहे. मोजते कोण? दिवसभर चौकात भोंगा वाजत होता, तो एकाही निरीक्षकाच्या कानावर पडला नाही. वरून मलाच म्हणतात, “शेतकऱ्यानं जागरूक राहावं.” जागरूक राहायचा पगार मी घेतो का?

गाडीवरून जिवाणू घेऊच नका. पिकाचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपायची तारीख पाहा. तारखेवर स्टिकर असेल तर नखानं उचला, खाली दुसरी तारीख निघते. पक्की पावती नाही तर पैसा नाही, शेजारी हसू देत. आणि घेतलंच, तर एक पुडी न फोडता सावलीत ठेवून द्या.

त्या पोराचा फोन बंद आहे. गाडी पांढरी, टपावर निळी ताडपत्री, लाखांदूरकडं फिरताना दिसली म्हणतात. कोणाकडं त्याची सीलबंद पुडी उरली असेल तर फोडू नका, मला कळवा. तिचे २४० रुपये मी पुन्हा मोजतो.