सेकंडहँड वॅगनआर: नऊ महिने आणि पावणेनऊ हजार किलोमीटरनंतर

मारुती वॅगनआर एलएक्सआय, पेट्रोल, २०१३ चं मॉडेल, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. फेब्रुवारीत घेतली तेव्हा मीटरवर ६८,४०० किलोमीटर होते, आज ७७,१५० आहेत. मालकानं २ लाख ४० हजार सांगितले होते, व्यवहार २ लाख १५ हजारांना झाला. माझं वय २५, गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे आणि ही माझी पहिली चारचाकी. गाडी शोधत होते तेव्हा ज्याला त्याला विचारलं, तर जो तो "मारुती घे, डोळे झाकून घे" एवढंच सांगायचा. डोळे उघडे ठेवून काय बघायचं ते कुणी सांगत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

फुलेवाडीहून कामावर जाऊन-येऊन रोज २५-२६ किलोमीटर होतात. चार वर्षं अ‍ॅक्टिव्हावर काढली. उन्हाचं-थंडीचं काही वाटत नाही, पण जुलैचा पाऊस आणि महिनाअखेरीला रात्री साडेनऊला सुटणं एकत्र आलं की दुचाकी जिवावर येते. भिशी उचलली, पतसंस्थेतली आरडी मोडली, थोडे साठवलेले होते. सगळे मिळून २ लाख ७० हजार झाले. कर्ज काढलं नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्या गाडीपेक्षा चढं असतं आणि बारा वर्षांच्या गाडीला कर्ज द्यायला सहसा कुणी पुढंही येत नाही.

पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली. "त्यातलं पन्नास हजार आधी बाजूला काढ. त्याला हात लावायचा न्हाई. उरल्यात गाडी बघू." मला राग आला होता. त्या पन्नास हजारांत दोन वर्षं नवी गाडी मिळाली असती, आणि मी दोन-तीन गाड्या हेरूनही ठेवल्या होत्या. आज नऊ महिन्यांनी सांगते, या सगळ्या व्यवहारात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच होती. का ते पुढं येईलच.

आम्ही एकूण सात गाड्या बघितल्या. त्यातली तिसरी मी जवळजवळ घेतलीच होती. २०१५ ची, लाल, बाहेरून आरशासारखी, आतून नवे सीट कव्हर, सांगितली फक्त १ लाख ८० हजारांना. मी टोकन द्यायला पर्स उघडली होती. पप्पा मागच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी सीट बेल्ट ओढायला सुरुवात केली. आपण लावताना ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, अडेपर्यंत. वरचा भाग काळाभोर स्वच्छ होता. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तिच्यावर मातकट पिवळी रेघ होती, वाळलेल्या चिखलाची, सरळ आडवी. पप्पांनी ती नखानं खरवडली, पूड बोटावर घेऊन मला दाखवली, आणि मग सीटखालचे बोल्ट बघायला सांगितलं. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर सीटच्या रुळांना आणि बोल्टना गंजाचे पोपडे धरलेले. स्टेपनीच्या खड्ड्यातही तेच.

विकणारा म्हणाला, वॉशिंगला पाणी गेलं असेल. पप्पा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "ही म्हापुरात उभी होती."

कोल्हापुरात गाडी घेणाऱ्यानं हे आधी बघायला पाहिजे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी बघितलाय. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या चार-चार दिवस पाण्यात होत्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, सेंट मारून चालू करता येते. पण वायरिंगच्या जोडांत आणि फ्यूज बॉक्समध्ये गेलेला गाळ निघत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी एकेक गोष्ट बंद पडायला लागते. ते नेमकं कधी होईल हे कुठलाही मिस्त्री सांगू शकत नाही. त्यामुळं सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावा, हेडलाइटच्या आत धुरकटपणा आहे का बघा, आणि काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. ओल असली तर वास येतोच. उलट ज्या गाडीत सेंटचा वास दाराबाहेरपर्यंत येतो तिथं जास्त वेळ द्या.

शेवटी घेतली ती इचलकरंजीच्या एका निवृत्त सरांची. दुसरे मालक ते, आता तिसरी मी. गाडी दिसायला साधी होती, डाव्या दाराला ओरखडा, रंग थोडा उडालेला. पण सरांनी प्लॅस्टिकच्या फायलीत २०१६ पासूनची सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावून ठेवली होती. माझं कामच बिलं जुळवण्याचं. प्रत्येक बिलावरचा किलोमीटरचा आकडा मी ओळीनं वहीत उतरवला आणि तो कुठंही मागं गेलेला नव्हता. मीटर फिरवलेला नाही याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. हवं तर शोरूममध्येही गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसची नोंद बघायला मिळते. पप्पांनी सकाळी सात वाजता, इंजिन थंड असताना, सेल्फ मारून बघितला. मालकाला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गरम इंजिन बरंच काही झाकतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. एकाच आरटीओतली गाडी, म्हणून एनओसी लागली नाही, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम झालं. अडकलं ते वेगळ्याच ठिकाणी. सरांचं कर्ज २०१८ लाच फिटलं होतं, पण आरसीवरून बँकेचं नाव काढायचं राहून गेलं होतं. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र यात तीन आठवडे गेले. त्यामुळं पैसे देण्याआधी सरकारच्या परिवहन पोर्टलवर कर्जाची नोंद, इन्शुरन्सची तारीख आणि थकलेली ई-चलनं बघाच. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, आणि सरांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, मला मिळाला नाही, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. एक फायदा मात्र आहे. या गाडीचं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे १००० च्या आत, त्यामुळं थर्ड पार्टीचा मूळ दर २,०९४ रुपयेच लागतो; १००० च्या वर गेलं की तोच ३,४१६ होतो. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असल्यामुळं नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागली, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. सरांचा फास्टॅग बंद केल्याशिवाय मला नवा मिळेना, तेही आधीच सांगून करून घ्या.

आता चालवण्याचा अनुभव.

मार्चमध्ये आई, मावशी आणि तिच्या दोन मुलींना घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ सोडून चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढत होता, पण गाडी ओढत नव्हती. मग करपल्यासारखा वास आला. मी घाबरून कडेला थांबले, हात थरथरत होते. पप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "घाबरू नको, क्लच प्लेट घसरतीया. अर्धा तास थंड होऊ दे, एसी बंद कर, सावकाश खाली ये." तसंच केलं. दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी मला क्लच कसा तपासायचा ते दाखवलं. हँडब्रेक लावायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. माझी गाडी तशीच घुरघुरत राहिली. घ्यायच्या आधी हे करून बघितलं असतं तर भावात आणखी पाच हजार कमी झाले असते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून जुनी प्लेट माझ्या हातात दिली. कडेची पट्टी झिजून रिव्हेटला टेकली होती, पृष्ठभाग जळून निळसर-काळा आणि काचेसारखा गुळगुळीत झालेला. "हे इंजिनाचं काम न्हाई ताई, पायाचं हाय. सारखा अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवली की असं हुतंय." प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये. तेव्हापासून सिग्नलला उभी असले तरी मी गाडी न्यूट्रल करून पाय खाली घेते. पप्पा शेजारी बसले की त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा माझ्या डाव्या पायावर असतं.

त्या पन्नास हजारांतून क्लच गेला, पुढचे दोन टायर, बॅटरी, ऑइल-फिल्टरची पूर्ण सर्व्हिस, उन्हाळ्यात एसीचा कंडेन्सर, आणि पावसाळा संपल्यावर पुढचे लोअर आर्मचे बुश (चाकाजवळच्या जोडातले रबर). इन्शुरन्स, आरटीओचा खर्च धरून आजपर्यंत चाळीस हजारांच्या आसपास गेले. हे पैसे बाजूला नसते तर एप्रिलमध्येच मी ती क्लचसकट कुणाच्या तरी गळ्यात मारून पुन्हा अ‍ॅक्टिव्हा काढली असती. बारा वर्षांच्या गाडीत रबर, प्लेट, बॅटरी झिजणारच. त्यात गाडीचा दोष नाही, खर्चाचा हिशोब आधी करायचा असतो एवढंच.

इंजिनाला मात्र अजून हात लावावा लागलेला नाही. के-सिरीजचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळं बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते, ती तीन सिलिंडरमुळं, त्याची काळजी करू नका. रिकाम्या गाडीला शहरात पिकअप छान आहे. चार-पाच माणसं आणि घाट असला की एसी बंद करून गिअर वेळेत खाली घ्यावा लागतो, रेटून चालत नाही.

अ‍ॅव्हरेज मी दर वेळी टाकी फुल्ल करून वहीत लिहिते. शहरात साडेचौदा-पंधरा, पुण्याला दोनदा गेले तेव्हा साडेअठरा. सर म्हणायचे त्यांना सोळा मिळायचं. फरकाचं एक कारण पेट्रोलमधलं इथेनॉल असावं. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, आणि ही गाडी २० टक्के मिश्रणासाठी तयार झालेली नाही. तशा नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. उसाच्या पट्ट्यात राहते, इथेनॉलच्या पैशाचं महत्त्व मला कळतं. पण जुन्या गाड्यांचे इंधनाचे रबरी पाइप वर्षातून एकदा तपासून घ्यायला हवेत, आणि ते मी करते.

वॅगनआर घेताना माझा सगळ्यात मोठा विचार उंचीचा होता. पप्पांचे गुडघे तीस वर्षं क्लच मारून गेलेत. खालच्या गाडीत त्यांना बसता-उठताना दाराला धरावं लागतं. हिच्यात ते खुर्चीवर बसल्यासारखे बसतात. आईही एकटी उतरते. घरात वयस्कर माणसं असतील तर या एका गोष्टीसाठी मी हीच गाडी परत घेईन. उंच असल्यामुळं हायवेला बाजूनं ट्रक गेला की हलते, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं.

पावसाळा पहिल्यांदा कोरडा गेला. जुलैत एकदा उंदरानं इंजिनमधली एक वायर कुरतडली आणि मीटरवर पिवळा दिवा लागला, सहाशे रुपयांत काम झालं. तेव्हापासून रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवते, अंधारी ऊब मिळाली नाही की उंदीर फिरकत नाहीत असं मिस्त्री म्हणाले, आणि परत त्रास झालेला नाही.

मला खरी काळजी वाटते ती एका गोष्टीची. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. नव्या गाड्यांना या गोष्टी २०१९ पासून सक्तीच्या झाल्या, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक वेळा नसतातच. बजेट तीन-साडेतीन लाखांपर्यंत ताणता आलं असतं तर मी बाकी सगळं सोडून याच्यासाठी ताणलं असतं. ते शक्य नव्हतं, म्हणून हायवेला ८० च्या वर जात नाही आणि मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. आता गळीत हंगाम सुरू झालाय. रात्री कामावरून येताना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढं असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त उसाचे शेंडे अचानक उजेडात येतात. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा आठशे रुपयांत पॉलिश करून घेतल्या, त्याचा उपयोग आत्ता कळतोय. जुनी गाडी घेतली तर एसीच्या आधी हे काम करा.

आरसीची मुदत २०२८ पर्यंत आहे, तोपर्यंत ही चालवायची असं ठरवलंय. दत्तजयंतीला आईला नरसोबाच्या वाडीला न्यायचंय, त्याआधी मागचे दोन टायर बदलून घेणार आहे.