डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० आणि ओपनमीडियावॉल्ट : ऑफिसातून निघालेला डेस्कटॉप घरचा सर्व्हर म्हणून कसा आहे?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांमधून ठणठणीत डेस्कटॉप भंगाराच्या भावात बाहेर पडताहेत. आमच्याकडचा त्यातलाच एक. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा मिनी टॉवर, चौथ्या पिढीचा कोअर आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम. अहोंनी डिकीत घालून आणला आणि "याचं काय करायचं ते आता तू बघ" म्हणून माझ्या टेबलाखाली सरकवला. मी त्यावर ओपनमीडियावॉल्ट टाकलं, म्हणजे जुन्या पीसीला घरच्या फायलींचा सर्व्हर बनवणारं मोफत सॉफ्टवेअर. आता घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आणि माझ्या जीएसटीच्या कामाच्या फायली त्याच्यावर असतात आणि तो चोवीस तास चालू असतो. निकाल आधीच सांगून टाकते : मशीन एक नंबर, सॉफ्टवेअर चांगलं पण किरकिरं, आणि सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते विजेपायी.

ओपनमीडियावॉल्ट म्हणजे मुळात डेबियन लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच, फक्त सगळा कारभार ब्राउझरमधून करता येतो. मी ७ वी आवृत्ती टाकली, ती डेबियन १२ वर आहे. इन्स्टॉल करताना ते एक अख्खी डिस्क स्वतःसाठी घेतं आणि तिच्यावर तुमचा डेटा सहजासहजी ठेवू देत नाही. म्हणून १२० जीबीची एसएसडी सिस्टिमला दिली आणि ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क डेटाला. पहिल्या लॉगिनचा पासवर्ड जगजाहीर आहे, तो आधी बदला. किरकिर म्हणाल तर ही : कुठलीही सेटिंग बदलून सेव्ह केली तरी ती लागू होत नाही. वर एक पिवळी पट्टी येते, तिच्यावरची बरोबरची खूण दाबायची, मग "नक्की का?" ला हो म्हणायचं, मग कुठे गाडी हलते. तलाठ्याकडे अर्ज दिला तरी शिक्का बसेपर्यंत काही खरं नसतं, तसला प्रकार. पण महिन्याभरात हाताला सवय होते.

हार्ड डिस्क घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले होते. एक पेटीबंद घेतली. दुसरीबद्दल दुकानदार म्हणाला, "ताई, नवीच आहे, फक्त बॉक्स नाहीये." घरी येऊन जोडली आणि स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) उघडली, तर डिस्क ३१ हजार तास चाललेली. म्हणजे सलग साडेतीन वर्षं. बहुधा कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली असणार. परत घेऊन गेले तर "सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय" हे ठरलेलं उत्तर. तरी बदलून दिली, कारण मी प्रिंट काढून नेली होती. जुनी डिस्क घ्यायला माझी ना नाही, पण स्मार्टमधला ५ नंबर (खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि १९७ नंबर (संशयित सेक्टर) दोन्ही शून्य असल्याशिवाय पैसे देऊ नका. ओपनमीडियावॉल्टमध्ये दर आठवड्याला छोटी टेस्ट लावून ठेवता येते आणि गडबड झाली की ईमेल येतो. या एका सोयीसाठी मी त्या पिवळ्या पट्टीला माफ केलंय.

दोन डिस्कचं रेड (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडी) मी केलेलं नाही. रेडमध्ये चुकून पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदमच पुसला जातो. त्यापेक्षा रोज पहाटे आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने पहिल्या डिस्कची प्रत दुसरीवर, त्यात पुसलेल्या फायली लगेच उडवायच्या नाहीत असं सांगून. तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर, ती सांगलीला माहेरी असते.

आता वीज. पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवार माहीत आहे. सकाळी लाईट जाते आणि यायची वेळ तिची ती ठरवते. घरचा सर्व्हर भरवशाचा करायचा म्हणजे लाईट आल्यावर कुणी हात न लावता तो परत उभा राहिला पाहिजे. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर मॅनेजमेंटखाली एसी रिकव्हरी नावाची सेटिंग असते, ती पॉवर ऑनवर ठेवायची. कीबोर्ड न जोडता चालवायचा असेल तर कीबोर्ड एररची तपासणी बंद करायची, नाहीतर मशीन कीबोर्ड शोधत तिथेच थांबतं.

आणि मदरबोर्डवरचा तो गोल सेल, सीआर२०३२. दहा वर्षांच्या मशीनमधला सेल संपलेलाच धरा. गंमत अशी की प्लग लावलेला असेपर्यंत हे कळतच नाही, कारण बायॉसला तोवर एसएमपीएसकडून (डेस्कटॉपच्या आतल्या पॉवर सप्लायकडून) वीज मिळत असते. लाईट पूर्ण गेली की घड्याळ पुसलं जातं, एसी रिकव्हरीसुद्धा पुसली जाते, आणि लाईट आल्यावर मशीन एकतर चालूच होत नाही किंवा एफ१ दाबा म्हणून काळ्या स्क्रीनवर बसून राहतं. स्क्रीन तर जोडलेला नसतो. म्हणून सर्व्हर करायला घेतल्यावर पहिलं काम हे : सेल बदला, मग बायॉसला हात लावा. भुसार दुकानातही मिळतो तो. झाकण उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलून टाका आणि मागची उघडी पट्टी बंद करा. आमच्याकडे पाली आहेत, तुमच्याकडेही असतील.

यूपीएस घेताना मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे का ते बघा. साध्या स्वस्त मॉडेलना तो नसतो. पोर्ट असेल तर ओपनमीडियावॉल्टचं नट नावाचं, यूपीएसशी बोलणारं प्लगइन बॅटरी उतरली की सर्व्हर रीतसर बंद करतं. यात एक मेख आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी पूर्ण संपायच्या आत लाईट आली, तर डेस्कटॉपच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते, त्यामुळे तो आपणहून चालू होत नाही. यावर उपाय म्हणजे बंद होताना नटने यूपीएसलाही आऊटपुट तोडायला सांगायचं. सगळे यूपीएस ऐकत नाहीत. माझा ऐकतो.

फोटोंसाठी इमिच टाकलंय, म्हणजे गुगल फोटोजसारखंच, पण आपल्याच सर्व्हरवर चालणारं. गुगल फोटोजची मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून आमच्या घरात मोफतच्या १५ जीबीवरून कुरबुर चालू होती, ती थांबली. इमिच चेहरे ओळखतं, आणि शोधासाठीचं मॉडेल (फोटोत काय आहे ते ओळखणारं एआय) बदलून बहुभाषिक घेतलं तर मराठीतही शोधतं. मूळ मॉडेलला इंग्रजीच कळतं. आता "पिवळी साडी" लिहिलं की मंगळागौरीचे फोटो पुढे येतात, मध्येच एखादी रिक्षाही येते. मोठं मॉडेल रॅम खातं, त्यामुळे ८ ची १६ जीबी केली. मिनी टॉवरमध्ये चार स्लॉट आहेत आणि जुनी डीडीआर३ रॅम स्वस्तात मिळते. बाहेरून बघायला टेलस्केल वापरते, ते इंटरनेटवरून घरच्या सर्व्हरपर्यंत खाजगी रस्ता काढून देतं. आमच्या नेटवाल्याचं सीजीनॅट (अनेक घरांना मिळून एकच इंटरनेट पत्ता) असल्यामुळे राउटरवर पोर्ट उघडून काही उपयोगच नव्हता.

सांगलीहून अण्णांचा फोन येतो, "अगं, मनूचे फोटो दिसतायत, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय." हा या पिढीच्या प्रोसेसरचा खरा कमीपणा. आजकालचे फोन एच.२६५ या नव्या, जास्त दाबलेल्या प्रकारात व्हिडिओ काढतात आणि चौथ्या पिढीच्या इंटेलला तो हार्डवेअरने उलगडता येत नाही. नवा व्हिडिओ चढला की इमिच तो एच.२६४ या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलायला घेतं, तेव्हा चारही कोअर शंभर टक्के आणि पंख्याचा आवाज हॉलपर्यंत. ते काम उरकेपर्यंत अण्णांना धीर धरावा लागतो.

भिंतीवरच्या मीटरवर एरवी ३५ वॅटच्या आसपास दिसतं, म्हणजे महिन्याला २५ युनिट, आणि ती वाढीव युनिटं तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. इंटेल एन१०० चा मिनी पीसी जवळपास एवढंच काम याच्या निम्म्याहून कमी विजेत करतो आणि एच.२६५ त्याला सहज जमतं. फक्त त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. पैसे मोजून नवंच घ्यायचं असेल तर तो घ्या. घरात डबा पडून असेल तर हा वापरा. आणि जुना विकत घेणार असाल तर चौथ्या पिढीच्या ऐवजी सातव्या पिढीचा, ऑप्टिप्लेक्स ७०५० सारखा शोधा. त्यालाही विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून तोही असाच बाहेर पडतोय, पण एच.२६५ व्हिडिओ तो आरामात उलगडतो.

९०२० चा एसएमपीएस मात्र आधीच एक जास्तीचा बघून ठेवा. मदरबोर्डला जाणारा त्याचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनांचा आहे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो.